इंडेक्स फाइल बिघडते आणि पॅकेज मॅनेजर गप्प राहतो: शोधायचं कसं, दुरुस्त करायचं कसं

डेबियन किंवा उबुंटू लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘सुडो ॲप्ट अपडेट’ चालवलं. (ॲप्ट हा तिथला पॅकेज मॅनेजर, म्हणजे सॉफ्टवेअरची पॅकेजेस उतरवून बसवणारा प्रोग्राम.) सगळ्या ओळींपुढे ‘हिट’ आलं, एकही एरर नाही. लगेच ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल झेडएसएच’ दिलं तर उत्तर आलं: ‘अनेबल टु लोकेट पॅकेज’. नाव बरोबर आहे, इंटरनेट चालू आहे, आणि ते पॅकेज रिपॉझिटरीत (पॅकेजेसच्या सर्व्हरवरच्या साठ्यात) असल्याचं ब्राउझरमध्ये दिसतंय. नवखा माणूस इथे सोर्सेस लिस्ट (रिपॉझिटरींचे पत्ते असलेली फाइल) उकरायला लागतो, नाहीतर कुठली तरी परकी रिपॉझिटरी जोडून मोकळा होतो. दोन्ही करू नका. आधी स्वतःच्या डिस्कवरची इंडेक्स फाइल शाबूत आहे का ते बघा.

लेखातल्या कमांड आणि फाइलींचे पत्ते देवनागरीत, उच्चाराप्रमाणे दिले आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची. जिथे कॅपिटल अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

इंडेक्स म्हणजे काय आणि तिच्यावर विश्वास का ठेवला जातो

रिपॉझिटरीत कोणती पॅकेजेस आहेत, त्यांच्या आवृत्त्या कोणत्या, ती कशावर अवलंबून आहेत आणि सर्व्हरवर कुठे ठेवली आहेत, याची यादी म्हणजे इंडेक्स. डेबियन आणि उबुंटूमध्ये या फाइलचं नाव ‘पॅकेजेस’. डेबियन १२ च्या मुख्य विभागाची ही फाइल उघडलेल्या स्वरूपात ४० एमबीहून मोठी असते. ती साधा मजकूर असते. प्रत्येक पॅकेजचा एक परिच्छेद, दोन परिच्छेदांमध्ये एक रिकामी ओळ.

विश्वासाची साखळी तीन कड्यांची आहे. पहिली कडी ‘इनरिलीज’ फाइल: तिच्यावर रिपॉझिटरी चालवणाऱ्यांची डिजिटल सही असते आणि ती तुमच्याकडच्या कीरिंगमधल्या (विश्वासातल्या कींच्या फाइलमधल्या) सार्वजनिक कीने तपासली जाते. दुसरी कडी ‘पॅकेजेस’: तिचा आकार आणि एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा आकडा) इनरिलीजमध्ये लिहिलेला असतो. तिसरी कडी खुद्द ‘डेब’ फाइल, म्हणजे पॅकेज: तिचा आकार आणि हॅश पॅकेजेसमध्ये असतो. म्हणजे एका सहीच्या जोरावर हजारो पॅकेजेसची खात्री होते. रचना उत्तम आहे. अडचण आहे ती तपासणी कधी होते यात.

तपासणी दारावर होते, घरात नाही

ॲप्ट नवी इंडेक्स आधी ‘/व्हार/लिब/ॲप्ट/लिस्ट्स/पार्शल’मध्ये उतरवतो, तिथे आकार आणि हॅश जुळवतो, आणि जुळले तरच ती वरच्या ‘लिस्ट्स’ फोल्डरमध्ये सरकवतो. इथपर्यंत तो काटेकोर असतो. न जुळल्यास ‘हॅश सम मिसमॅच’ म्हणतो आणि जुनी फाइल तशीच ठेवतो.

पण एकदा फाइल ‘लिस्ट्स’मध्ये बसली की तिचा हॅश पुन्हा मोजला जात नाही. पुढच्या वेळी अपडेट चालवलंत की ॲप्ट सर्व्हरला एवढंच विचारतो: माझ्याकडच्या इनरिलीजनंतर काही बदललं का? सर्व्हर म्हणतो, नाही. मग स्क्रीनवर ‘हिट’ येतं आणि डिस्कवर आधीपासून असलेली पॅकेजेस फाइल ठीक आहे असं धरून चाललं जातं. ‘हिट’चा अर्थ ‘सर्व्हरवर नवं काही नाही’ इतकाच आहे. ‘तुमची प्रत शाबूत आहे’ असं तो कुठेच म्हणत नाही.

यात आणखी एक थर आहे. प्रत्येक वेळी एवढा मजकूर वाचणं परवडत नाही म्हणून ॲप्ट त्यातून ‘/व्हार/कॅश/ॲप्ट/पीकेजीकॅश.बिन’ ही बायनरी फाइल बनवतो. ही कॅशे ताजी आहे का हे ठरवताना तो इंडेक्स फाइलींचा आकार आणि बदलाची वेळ बघतो. डिस्कच्या दोषामुळे फाइलच्या मधलेच काही बाइट बदलले, तर आकार तोच आणि वेळही तीच राहते. म्हणजे या तपासणीच्या लेखी काहीच घडलेलं नसतं.

याला सुरक्षेतलं भगदाड म्हणायचं का? आमच्या मते नाही. ‘लिस्ट्स’मध्ये लिहायला रूटचे (मशीनच्या प्रशासकाचे) अधिकार लागतात, आणि ज्याच्याकडे रूट आहे त्याला इंडेक्स बिघडवायची गरजच नाही. हा प्रश्न अपघाताचा आहे: लिहिता लिहिता वीज जाणं, भरलेली डिस्क, खराब रॅम, मरायला टेकलेली एसएसडी, व्हर्च्युअल मशीनचा अर्धवट स्नॅपशॉट.

बिघाडाची जागा लक्षणांवरून ओळखा

हा भाग नीट वाचा, कारण इथेच सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. फाइलमध्ये नेमकं काय बिघडलंय त्यावर लक्षण ठरतं, आणि कित्येक लक्षणं दुसऱ्याच कुणाकडे बोट दाखवतात.

फाइल मध्येच तुटली असेल तर तुटल्यानंतरची सगळी पॅकेजेस गायब होतात. डेबियनची अधिकृत यादी पॅकेजच्या नावाने अकारविल्हे लावलेली असते. त्यामुळे ‘ए’, ‘बी’ने सुरू होणारी पॅकेजेस व्यवस्थित मिळतात आणि ‘व्हिम’, ‘झेडएसएच’ मिळत नाहीत. साध्या मजकुरात शेवट झाल्याची कुठलीही खूण नसते, म्हणून तुटलेली यादी वाचणाऱ्याला ती फक्त छोटी यादी वाटते. जीझिप किंवा एक्सझेडने दाबलेल्या फाइलचं तसं नाही. जीझिपच्या शेवटी सीआरसी-३२ आणि मूळ आकार नोंदलेला असतो, त्यामुळे तुटलेली फाइल उघडतानाच एरर येते.

एखाद्या पॅकेजच्या नोंदीतला हॅशच बिघडला असेल तर डेब फाइल उतरवल्यावर ‘हॅश सम मिसमॅच’ येतं. डेब बिनचूक असते, चुकीची असते तुमची यादी. लोक मात्र मिररला (रिपॉझिटरीची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरला) दोष देतात, मिरर बदलतात, आणि नव्या मिररवरून सगळ्या इंडेक्स पुन्हा उतरल्यामुळे प्रश्न सुटतो. मग मिररच वाईट होता असा समज पक्का होतो.

‘फाइलनेम’ची ओळ बिघडली तर ४०४ (सर्व्हरवर फाइल सापडली नाही) येतो. ‘डिपेंड्स’ची ओळ बिघडली तर अस्तित्वात नसलेलं पॅकेज हवं असल्याची तक्रार येते. वर्णनातलं एखादं अक्षर बदललं तर कुणालाच कधी कळत नाही. परिच्छेदाची रचनाच मोडली तर मात्र ॲप्ट ओरडतो: ‘एन्काउंटर्ड अ सेक्शन विथ नो पॅकेज हेडर’, आणि त्याच्या पाठोपाठ ‘प्रॉब्लेम विथ मर्जलिस्ट’ म्हणून फाइलचं नाव. ही एरर आली तर नशीब समजा, फाइल आयतीच सापडली. ॲप्ट सुरू होताच ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ देऊन पडत असेल तर आधी संशय पीकेजीकॅश.बिनवर घ्यावा.

हाताने तपासणी: डेबियन आणि उबुंटू

पायरी १. काहीही पुसायच्या आधी प्रत काढा: ‘सुडो सीपी -ए /व्हार/लिब/ॲप्ट/लिस्ट्स /रूट/लिस्ट्स-प्रत’. (फोल्डरचं नाव काहीही द्या.) बिघाड पुन्हा झाला तर तो त्याच जागी झाला का हे कळायला ही प्रत लागते. पुसून टाकलेल्या पुराव्यावरून दोष रॅमचा की डिस्कचा हे ठरवता येत नाही.

पायरी २. ‘लिस्ट्स’मधली संशयित फाइल शोधा. फाइलींची नावं लांबलचक असतात, कारण रिपॉझिटरीचा पत्ता घेऊन त्यातल्या प्रत्येक तिरक्या रेघेच्या जागी अंडरस्कोर टाकलेला असतो. नावाच्या शेवटी ‘बायनरी-एएमडी६४_पॅकेजेस’ असेल ती ६४ बिट इंटेल-एएमडी मशीनची यादी. आता शेवटचं पॅकेज कोणतं ते बघा: ‘ग्रेप’ला ‘^पॅकेज:’ शोधायला लावा (पी कॅपिटल) आणि निकाल (‘|’ या चिन्हाने) ‘टेल -एन १’कडे पाइप करा. डेबियनच्या मुख्य विभागात शेवटचं नाव झेडने सुरू व्हायला हवं. ते एम किंवा पीने सुरू होत असेल तर फाइल तुटलेली आहे, पुढे शोधायची गरजच नाही.

पायरी ३. हॅश जुळवा. त्याच रिपॉझिटरीची ‘इनरिलीज’ फाइल ‘लेस’ने उघडा आणि ‘एसएचए२५६:’ या ओळीपर्यंत खाली या. त्याखाली प्रत्येक ओळीत तीन गोष्टी असतात: ६४ अक्षरी हॅश, बाइटमधला आकार आणि फाइलचा पत्ता. ‘मेन/बायनरी-एएमडी६४/पॅकेजेस’ने संपणारी ओळ घ्या. शेजारीच शेवटी ‘.जीझेड’ आणि ‘.एक्सझेड’ असलेल्या ओळी असतात, त्या दाबलेल्या प्रतींच्या आहेत. त्यांच्याशी तुलना केलीत तर चांगली फाइलही बिघडलेली दिसेल. आता ‘डब्ल्यूसी -सी’ने तुमच्या फाइलचा आकार आणि ‘एसएचए२५६सम’ने हॅश काढा. आकार वेगळा असेल तर फाइल तुटली आहे किंवा तिच्यात भर पडली आहे. आकार तोच आणि हॅश वेगळा असेल तर मधले बाइट बदलले आहेत. तुमच्या हॅशची सुरुवात ‘ई३बी०सी४४२’ अशी असेल तर फाइल पूर्ण रिकामी आहे, शून्य बाइटचा एसएचए-२५६ कायम तिथूनच सुरू होतो.

डॉकरच्या डेबियन इमेजमध्ये जागा वाचवण्यासाठी याद्या दाबून ठेवलेल्या असतात. तिथे ‘/यूएसआर/लिब/ॲप्ट/ॲप्ट-हेल्पर कॅट-फाइल’ आणि पुढे फाइलचं नाव, असं देऊन निकाल ‘एसएचए२५६सम’कडे पाइप करा. ती कमांड दाबलेली फाइल स्वतःच उलगडते.

पायरी ४. इनरिलीज स्वतः खरी आहे ना? नाहीतर चुकीच्या मापाने मोजल्यासारखं होईल. डेबियनवर ‘जीपीजीव्ही --कीरिंग /यूएसआर/शेअर/कीरिंग्ज/डेबियन-अर्काइव्ह-कीरिंग.जीपीजी’ आणि पुढे इनरिलीज फाइलचा पत्ता द्या. ‘गुड सिग्नेचर’ दिसलं पाहिजे. एकापेक्षा जास्त कीने सही केलेली असते, म्हणून तशा दोन-तीन ओळी आल्या तरी घाबरू नका.

पायरी ५. आता साफसफाई. ‘/व्हार/लिब/ॲप्ट/लिस्ट्स’च्या आतलं सगळं आणि ‘/व्हार/कॅश/ॲप्ट’मधल्या ‘.बिन’ने संपणाऱ्या दोन फाइली पुसा, मग ‘सुडो ॲप्ट अपडेट’ चालवा. या वेळी ओळींपुढे ‘हिट’ऐवजी ‘गेट’ यायला हवं, म्हणजे सगळं नव्याने उतरलं आणि दारावरच्या तपासणीतून गेलं. पुसताना फोल्डरचं नाव दोनदा वाचा. ‘/व्हार/लिब/डीपीकेजी’ला हात लावायचा नाही, तिथल्या ‘स्टेटस’ फाइलमध्ये कोणती पॅकेजेस बसवली आहेत याची नोंद असते आणि ती इंटरनेटवरून परत मिळत नाही. ‘/व्हार/लिब/ॲप्ट/एक्स्टेंडेड_स्टेट्स’ही तशीच ठेवा, आपोआप आलेली पॅकेजेस कोणती हे तीच सांगते.

पायरी ६. पायरी ३ पुन्हा करा. आता हॅश जुळला की काम झालं. शिवाय ‘सुडो डीपीकेजी --व्हेरिफाय’ चालवून बसवलेल्या फाइलीही तपासा. ज्या कारणाने इंडेक्स बिघडली त्याच कारणाने दुसरंही काही बिघडलेलं असू शकतं.

हे वागणं स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं असेल तर टाकाऊ व्हर्च्युअल मशीन घ्या, पॅकेजेस फाइल ‘ट्रंकेट’ने काही एमबीने कमी करा आणि अपडेट चालवा. सर्व्हरवर तोवर नवं काही आलं नसेल तर ‘हिट’च येईल. मग ‘ॲप्ट-कॅश पॉलिसी झेडएसएच’ देऊन बघा. एकदा हे पाहिलं की ‘हिट’वर आंधळा विश्वास बसत नाही.

बाकीच्या पॅकेज मॅनेजरांचं काय

फेडोरा आणि तत्सम प्रणालींमध्ये डीएनएफ ‘रेपोएमडी.एक्सएमएल’ वाचतो. बाकीच्या मेटाडेटा फाइलींचे हॅश त्यात असतात. मात्र रेपोएमडीवरची सही तपासणारी ‘रेपो_जीपीजीचेक’ ही सेटिंग मुळात बंद असते. पॅकेजवरची सही ‘जीपीजीचेक’ पाहते, ती वेगळी. दोन्हींची गल्लत करू नका. शिवाय मेटाडेटा जुना झाला असं डीएनएफ मुळात ४८ तासांनी मानतो, तोवर बिघडलेली कॅशे तशीच वापरली जाऊ शकते. उपाय: ‘सुडो डीएनएफ क्लीन मेटाडेटा’, मग ‘सुडो डीएनएफ मेककॅश’. इंटरनेटवर याच लक्षणांवर ‘आरपीएम --रीबिल्डडीबी’ सुचवलेलं दिसतं. ते बसवलेल्या पॅकेजेसच्या डेटाबेससाठी आहे, रिपॉझिटरीच्या इंडेक्सशी त्याचा संबंध नाही.

आर्चच्या पॅकमॅनमध्ये याद्या ‘/व्हार/लिब/पॅकमॅन/सिंक’मध्ये असतात, उदाहरणार्थ ‘कोअर.डीबी’. मूळ सेटिंग ‘रिक्वायर्ड डेटाबेसऑप्शनल’ अशी असते. म्हणजे पॅकेजवर सही हवीच, डेटाबेसवर असली तर तपासायची, नसली तरी चालेल. त्यामुळे हॉटेल-विमानतळावरच्या वायफायचं लॉगिन पान ‘कोअर.डीबी’ म्हणून उतरण्याचा प्रकार इथे होतो आणि नंतर ‘अनरेकग्नाइज्ड अर्काइव्ह फॉरमॅट’ येतं. ‘हेड -सी २००’ने फाइलची सुरुवात बघा, एचटीएमएल दिसलं तर हेच झालं आहे. वायफायवर लॉगिन करा, ‘सिंक’मधल्या फाइली पुसा आणि ‘सुडो पॅकमॅन -एसवायवाययू’ चालवा (फक्त एस कॅपिटल). दोन वाय दिल्यावर यादी बदललेली नसली तरी सक्तीने पुन्हा उतरते. रोजच्या वापरात एकच वाय पुरे, उगाच मिररवर ताण टाकू नये. याच लॉगिन पानामुळे ॲप्टमध्ये ‘क्लिअरसाइन्ड फाइल इझन्ट व्हॅलिड’ आणि पुढे ‘नोस्प्लिट’ येतं. म्हणजे ॲप्ट ते दारातच अडवतो.

झिपरवाल्यांनी (हा ओपनसुसेचा पॅकेज मॅनेजर) ‘सुडो झिपर क्लीन --मेटाडेटा’ आणि मग ‘सुडो झिपर रिफ्रेश --फोर्स’ द्यावं.

तपासणीचा कोडच चुकला तर

ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या प्रणालीतल्या ओपीकेजी या पॅकेज मॅनेजरचं उदाहरण प्रत्येकाने समजून घ्यावं. इंडेक्सवरची सही तो नीट तपासत होता. पण फेब्रुवारी २०१७ मधल्या एका बदलानंतर, इंडेक्समधल्या एसएचए-२५६ च्या आकड्याआधी रिकामी जागा असली की तो आकडा वाचणारं फंक्शन अपयशी व्हायचं आणि हातात काहीच यायचं नाही. हॅश हातात नाही, म्हणून पुढचा कोड हॅशची तपासणीच सोडून द्यायचा. एरर नाही, इशारा नाही. उतरलेल्या पॅकेजचा आकार इंडेक्सशी जुळला की झालं. सीव्हीई-२०२०-७९८२ या क्रमांकाचा हा दोष जानेवारी २०२० मध्ये १८.०६.७ आणि १९.०७.१ या आवृत्त्यांत दुरुस्त झाला. हॅश नसणं म्हणजे तपासणी नापास, असं धरायला हवं होतं. कोडने ते ‘तपासायची गरज नाही’ असं धरलं.

आपल्या हाताने आपण हीच चूक सोर्सेस लिस्टमध्ये करतो. ‘ट्रस्टेड=येस’ लिहिलं की सही नसलेली रिपॉझिटरीही चालते. त्या रिपॉझिटरीत रिलीज फाइलच नसेल तर इंडेक्स जुळवायला ॲप्टकडे कुठला हॅशही उरत नाही, आणि उतरतानाच तुटलेली यादी थेट आत येते. घरच्या किंवा कार्यालयातल्या छोट्या रिपॉझिटरीसाठीही सही करून घ्या. ‘ॲप्ट-एफटीपीआर्काइव्ह रिलीज’ने रिलीज फाइल बनवणं आणि जीपीजीने तिच्यावर सही करणं हे थोड्या वेळाचं काम आहे.

स्क्रिप्टमध्ये आणि वारंवार होणाऱ्या बिघाडात

सर्व्हरशी संपर्क झाला नाही तर ‘ॲप्ट-गेट अपडेट’ फक्त इशारा देतो, ‘सम इंडेक्स फाइल्स फेल्ड टु डाउनलोड’ म्हणतो, जुनीच यादी वापरतो आणि एक्झिट कोड ० (म्हणजे ‘काम नीट झालं’) देतो. तुमची स्क्रिप्ट त्याला यश समजून पुढे जाते. ॲप्टच्या नव्या आवृत्त्यांमध्ये ‘--एरर-ऑन=एनी’ हा पर्याय आहे, तो द्या. मग कुठलीही चूक झाली तरी एक्झिट कोड शून्य येणार नाही.

ताजी इंडेक्स उतरवतानाच परत परत ‘हॅश सम मिसमॅच’ येत असेल तर मधल्या कॅशिंग प्रॉक्सीकडे (फाइलींची प्रत स्वतःकडे ठेवून तीच पुढे देणाऱ्या सर्व्हरकडे) बघा. नवी इनरिलीज आणि जुनी पॅकेजेस अशी जोडी तो हातात देत असतो. ‘ॲप्ट-कॉन्फिग डंप’मध्ये प्रॉक्सीची ओळ शोधा आणि एकदा ‘-ओ ॲक्वायर::एचटीटीपी::नो-कॅश=ट्रू’ देऊन अपडेट करून बघा. प्रॉक्सीने दोन्ही फाइली जुन्याच दिल्या तर ते आणखी वाईट, कारण सही जुळते, हॅश जुळतो आणि सुरक्षेचे अपडेट मात्र येत नाहीत. यासाठीच डेबियनच्या सिक्युरिटी रिपॉझिटरीच्या रिलीज फाइलमध्ये ‘व्हॅलिड-अंटिल’ ही मुदत असते. ‘रिलीज फाइल एक्स्पायर्ड’ आलं तर ती तपासणी बंद करायचे उपाय शोधू नका. आधी घड्याळ, मग प्रॉक्सी, मग मिरर, या क्रमाने बघा.

डिस्कवर बसलेली फाइल नंतर बिघडत असेल तर ‘डीएफ -एच’ आणि ‘डीएफ -आय’ने जागा आणि आयनोड (फाइलसिस्टिममधल्या फाइलींच्या नोंदी) बघा, ‘डीमेसेज’मध्ये आय/ओ एरर शोधा, ‘स्मार्टसीटीएल -ए’ने डिस्कची प्रकृती बघा आणि रात्रभर मेमटेस्ट८६+ चालवा. बिघडलेली आणि चांगली प्रत ‘सीएमपी -एल’ने जोडून बघा, पायरी १ मधली प्रत इथे कामी येते. एखाददुसऱ्या बाइटमध्ये एकच बिट उलटलेला असेल तर रॅमवर संशय घ्या. ५१२ किंवा ४०९६ बाइटचा सलग तुकडा शून्य झालेला असेल तर डिस्क किंवा फाइलसिस्टिमकडे वळा. आणि मिररवरचीच प्रत बिघडलेली निघाली, म्हणजे दुसऱ्या नेटवर्कवरून उतरवली तरी हॅश तोच चुकीचा आला, तर मिरर चालवणाऱ्यांना कळवा: फाइलचा पूर्ण पत्ता, अपेक्षित हॅश, मिळालेला हॅश, दोन्ही आकार आणि उतरवल्याची वेळ यूटीसीमध्ये.